वरची बाजू कुठली?

नदीत उतरताना मी सवयीनं चपला काढल्या. भाची म्हणाली, "मावशी, असू देत. पाय भिजायचे नाहीत." ॲलिस स्प्रिंग्जची टॉड नदी म्हणजे गावाच्या मधोमध पसरलेला वाळूचा रुंद पट्टा. पात्रातच निलगिरीच्या जातीचे जुनाट वृक्ष उभे, खोडं पांढरी गुळगुळीत आणि सावली विरळ. पाणी येतं ते वर्षातून मोजक्या वेळा, दोन-चार दिवसांच्या पाहुण्यासारखं. तरी तिला कोणी ओढा म्हणत नाही. पाणी वाळूखाली आहे आणि ही झाडं त्याच्याच जिवावर उभी आहेत, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. मी चपला हातातच ठेवल्या. एप्रिल महिना होता, सकाळची वाळू गार होती आणि नदी ती नदीच.

मी आले होते एका बाईचा मुलूख बघायला. ती १९९६ मध्येच गेली. एमिली कामे उंग्वारे हे तिचं नाव, ऑस्ट्रेलियाच्या मध्यावरच्या वाळवंटातल्या अन्माचेरे लोकांपैकी. कितीतरी वर्षांपूर्वी एका मासिकात तिच्या चित्राचा तळहाताएवढा फोटो पाहिला होता. काळ्यावर पांढऱ्या रेषांचं जाळं. सुरुवात कुठे, शेवट कुठे, काही कळेना. खाली लिहिलं होतं की हे कंदाचं चित्र आहे. माझं लहानपण डहाणू तालुक्यात गेलं, वडील तिथे शाळामास्तर होते. थंडी पडू लागली की वारली बायका टोपलीत करांदे, कणगरं घेऊन दारावर यायच्या. कंद मी सोलले होते, उकडून मीठ लावून खाल्ले होते. पण या चित्रात कंद कुठे आहे ते मला दिसेना, आणि ते न दिसणं मनात टोचत राहिलं. पुढे भाची नर्स होऊन ॲलिसला आली आणि फोनवर म्हणाली, "मावशी, तुझ्या त्या चित्रकार बाईचं गाव इथून जवळ आहे. अडीचशे किलोमीटर." या देशात अडीचशे किलोमीटरला जवळ म्हणतात.

ॲलिस २५ हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. रस्ते सरळ, घरं बैठी, आणि कुठेही उभं राहिलं तरी नजर लाल डोंगराच्या भिंतीवर जाऊन थांबते. एके काळी उंटांच्या तांड्यांवरून इथे माल यायचा. ते उंटवाले पेशावर, बलुचिस्तान, पंजाबकडून आले होते. इथल्यांनी सगळ्यांना 'अफगाण' ठरवलं, आणि आज दक्षिणोत्तर धावणाऱ्या गाडीचं 'घान' हे नाव त्यांचीच आठवण ठेवून आहे. त्याच्याही आधीपासून गावाचं नाव म्पार्न्ट्वे. अरंडा लोक सांगतात की हे डोंगर, या खिंडी, हे खडक म्हणजे अळ्यांनी घडवलेला मुलूख. या पूर्वज अळ्या इथून सरपटत गेल्या आणि जिथे थांबल्या तिथे जमिनीला आकार आला. एका रस्त्यासाठी अशाच एका अळीच्या शेपटीचा तुकडा तोडला गेला. भाचीनं तो रस्ता दाखवला तेव्हा मला आमच्याकडचे वाघदेव आठवले, शेंदूर लावलेले लाकडाचे, रानाच्या कडेला उभे. रस्ता रुंद करताना त्यांना आधी विचारावं असं किती ठेकेदारांना वाटतं?

दुपारी बाजाराच्या रस्त्यालगतच्या हिरवळीवर चार-पाच बायका चित्रं पसरून बसल्या होत्या. कॅनव्हास उडू नये म्हणून कोपऱ्यांवर खडे ठेवलेले. आपल्याकडे अशा ठिकाणी "या ताई, बघा तरी" अशी हाक आली असती. इथे कोणी मान वर केली नाही. भाचीनं आधीच बजावलं होतं: समोर उभी राहू नकोस, शेजारी बस. डोळ्यांत डोळे घालून बघू नकोस. गप्प राहिलं तर त्यांना अवघडत नाही, तूही अवघडू नकोस.

मी बसले. शेजारची बाई काडीचं टोक रंगात बुडवत होती आणि ठिपका ठेवत होती. ठिपका देत होती म्हणणं बरोबर होणार नाही. दाणा पेरावा तसा ती तो ठेवत होती, आणि दोन ठिपक्यांमधला श्वास मला ऐकू येत होता. एक बाजू भरत आली की ती जागची न हलता कॅनव्हास पाव फेरी फिरवायची आणि नव्या बाजूनं सुरू व्हायची. अर्धा तास तरी गेला असेल. मग माझ्याकडे न बघताच तिनं विचारलं, तुझा 'कंट्री' कुठला?

मी भारत म्हटलं. तिनं हात हलवला. एवढं मोठं उत्तर तिच्या उपयोगाचं नव्हतं. मग मी सांगितलं: समुद्राजवळ, पण समुद्र आणि डोंगर यांच्या मधलं, पावसात हिरवं, उन्हाळ्यात तपकिरी, ताडाची झाडं. "खाऱ्या पाण्याची तू," ती म्हणाली, आणि आमची ओळख झाली. इंग्रजीतला 'कंट्री' इथल्या तोंडात बदलून जातो. त्यात माती येते, पाणवठे येतात, आजा-पणजा येतात, त्यांची गाणी येतात आणि माणसाचं त्या सगळ्याशी असलेलं देणं येतं. एसटीत शेजारी बसलेली म्हातारी आपल्याला आधी नाव विचारत नाही, "गाव कुठलं?" म्हणून विचारते. तिला मुंबई सांगितलं तर ती म्हणते, "ते झालं गं, पण मूळ गाव?" या बाईचा प्रश्न तोच होता.

मी एक लहान कॅनव्हास घेतला, हातरुमालाहून जरा मोठा. लाल मातीच्या रंगावर पांढरे आणि पिवळे ठिपके, मधून तीन वाटा, त्या एका वर्तुळाशी येऊन मिळणाऱ्या. पैसे दिल्यावर विचारलं, याची वरची बाजू कुठली? तिनं तो माझ्या हातात एकदा फिरवला, पुन्हा फिरवला. "तू बसशील ती तुझी बाजू," म्हणाली.

रात्री जेवताना भाचीनं मला आडनावाची गोष्ट सांगितली. तिच्या वॉर्डात एका बाईसाठी आठ-दहा जण येऊन बसतात, सगळे 'मुलगा' आणि 'मुलगी'. सुरुवातीला फॉर्म भरताना तिचा गोंधळ व्हायचा. उंग्वारे हे आपल्यासारखं आडनाव नव्हे. अन्माचेरे समाजात अशी आठ नावं आहेत; आईवडिलांवरून मुलाला त्यातलं एक मिळतं, आणि कोण कोणाचा मामा, कोणाचं लग्न कोणाशी होऊ शकतं, कोणाशी बोलताना मान खाली घालायची हे त्यावरून ठरतं. मला आपलं देवक आठवलं. कोणाचं कदंबाचं, कोणाचं मोरपिसाचं, कोणाचं पंचपालवीचं. एका देवकात सोयरीक होत नाही, आणि देवकाचं झाड तोडत नाहीत. लग्नाच्या मांडवात एक दिवस आपण ते पुजतो आणि मग विसरतो. इथे माणूस त्याच नात्यात रोज जगतो. इंग्रजीनं त्याला 'ड्रीमिंग' म्हणून टाकलं आणि ऐकणाऱ्याला वाटू लागलं की ही झोपेतली गोष्ट आहे. त्यांच्या 'अल्चेरे' या शब्दात स्वप्न असेलही, पण त्यात कायदा आहे, वंश आहे, आणि सुरू होऊन अजून न संपलेला आरंभ आहे. मला तरी देवक हा शब्द त्याच्या जास्त जवळचा वाटतो.

चित्र कोणी काय काढावं तेही त्यावरूनच ठरतं. ज्याचा मुलूख, ज्याची कथा, त्यानंच ती काढायची. दुसऱ्याची काढली तर चोरी होते. घराण्याची चीज गुरूनं दिल्याशिवाय गात नाहीत, तसं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पश्चिमेला हर्मन्सबर्गला गेलो. लुथरन मिशनऱ्यांनी १८७७ मध्ये वसवलेली ही वस्ती, चुन्यानं रंगवलेल्या बैठ्या इमारती आणि खजुराची झाडं. अरंडा लोकांसाठी हे न्टारिया. आल्बर्ट नामाटजिरा इथला. १९३६ मध्ये तो एका गोऱ्या चित्रकाराबरोबर जलरंग शिकला आणि त्यानं हे जांभळे डोंगर, ही पांढरी झाडं अशी रंगवली की शहरांतल्या दिवाणखान्यांत त्याच्या चित्रांच्या छापील प्रती लागल्या. १९५७ मध्ये सरकारनं त्याला नागरिकत्वाचे हक्क दिले, जणू तो तोवर दुसऱ्या कुठल्या देशाचा होता. दोनच वर्षांनी तो गेला. ॲलिसच्या अरालुएन कलाकेंद्रात त्याची चित्रं पाहिली तेव्हा मी सुखावले, कारण तशी चित्रं मला वाचता येतात. पुढे झाड, मागे डोंगर, वर आभाळ. पण त्यातलं एक झाड असं होतं की ते देखाव्यासाठी उभं नव्हतं. त्याची साल, त्याच्या गाठी कोणी आजीचा हात न्याहाळावा तशा न्याहाळलेल्या होत्या. पद्धत परक्यांची असली तरी नातं त्याचं स्वतःचं होतं.

तिसऱ्या दिवसाची मी वाट पाहत होते. अरंडा बायका रानातलं अन्न दाखवायला घेऊन जातात, अशा एका गटात आमची नावं होती. पुढे चालणाऱ्या बाईंना सगळे 'आंटी' म्हणत होते, आणि तो शब्द आपल्याकडच्यासारखाच मान देऊन म्हणत होते. त्यांनी भाचीकडे बोट दाखवून विचारलं, ही कोण? बहिणीची मुलगी, मी म्हटलं. "म्हणजे तुझीच मुलगी," त्या म्हणाल्या. त्यांच्यात आईच्या बहिणीला आईच म्हणतात. 'माय मरो, मावशी जगो' ही म्हण मी त्यांना मोडक्या इंग्रजीत सांगितली. त्यांनी ती अरंडात बरोबरच्या बायकांना सांगितली आणि सगळ्या खळखळून हसल्या. मला एमिली आठवली. तिला स्वतःचं मूल नव्हतं, पण भावंडांची मुलं तिच्या अंगाखांद्यावर वाढली.

आंटींच्या हातात पहार होती. पूर्वी टोकदार लाकूड असे, आता लोखंड. मार्चमध्ये थोडा पाऊस झाला होता, म्हणून कोरड्या ओढ्याच्या काठाला हिरवळ होती. त्या खाली बघत चालत होत्या आणि आम्ही त्यांच्या मागून काहीच न दिसता चालत होतो. मग थांबल्या. जमिनीवर केसाएवढी भेग होती. शेजारी एक बारीक वेल पसरलेला, पिवळी फुलं, तीन-तीन पानं.

मी खाली बसले. ते पान मला ओळखीचं वाटलं. पुन्हा बघितलं, बोटांत धरून उलटं केलं. आमच्या परसात पावसाळ्यात मटकी उगवायची तिची पानं अशीच तीन-तीन, लांबट. भाचीनं फोनवर नाव शोधलं: व्हिग्ना लॅन्सिओलाटा. मूग, मटकी, उडीद, चवळी, सगळी याच व्हिग्ना प्रजातीतली. सात समुद्रापलीकडच्या लाल मातीत मला उसळीची चुलत बहीण भेटली होती, फक्त हिनं आपला ऐवज शेंगेपेक्षा मुळाशी जास्त साठवला होता.

आंटींनी भेगेच्या बाजूला पहार घातली, कंदावर नाही. माती हातानं उकरली. पहार सुटली की बोटं. कोपरभर खोल गेल्यावर तो दिसला, करंगळीएवढा जाड, फिकट, गाजरासारखा निमुळता. इंग्रजीत पेन्सिल याम म्हणतात तो हाच. एक सापडला की त्याच्या मुळाच्या दिशेनं दुसरा, तिथून वाकून तिसरा. वर एवढासा वेल आणि खाली केवढा संसार. अर्ध्या तासात मूठभर निघाले. निखाऱ्यांत भाजून, राख झटकून आम्ही ते खाल्ले. पिठूळ, किंचित गोड, आणि मागून मातीची चव. बरोबर डॅम्पर होता, निखाऱ्यात भाजलेली जाड भाकर, आणि काळा चहा. आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या नेल्या होत्या. आंटींनी दोन खाल्ल्या आणि तिसरी पदरात बांधावी तशी कागदात गुंडाळून नातवासाठी ठेवली.

निघण्याआधी त्यांनी एक गोष्ट केली. वेलाचा मुळाकडचा तुकडा खड्ड्यात परत ठेवला, माती लोटली, वरून तळव्यानं थोपटली. डहाणूत कंद काढणाऱ्या बायकांना मी हेच करताना पाहिलं होतं. वरचा डोळा परत पुरायचा, म्हणजे पुढच्या साली पुन्हा यायला तोंड राहतं.

आणि तिथे, मातीनं भरलेल्या नखांकडे बघत असताना मासिकातला तो फोटो मला उमगू लागला. त्या चित्रात कंद शोधायला मी सुरणाचा गड्डा शोधत होते. एमिलीनं काढलं होतं ते जाळं: वरचा वेल, खालची मुळं, आणि कंद पोसला की जमिनीला पडणाऱ्या भेगा. तिच्या लोकांत या कंदाचं नाव अन्वरलार. त्याच्या बीला म्हणतात कामे. एमिली कामे उंग्वारे. ते बी तिचं नाव होतं. जन्मापासून तिच्यावर त्याची जबाबदारी होती, ते पिकावं म्हणून गायची, नाचायची. ऐंशीला टेकलेली बाई कॅनव्हासवर जे काढत होती ते तिनं आधी आयुष्यभर जमिनीतून काढलं होतं.

आपण मराठीत चित्र काढतो आणि कंदही काढतो. मी दोन्ही वाक्यं जन्मभर बोलत आले, पण ती एकमेकांशेजारी ठेवून कधी पाहिली नव्हती.

चौथ्या दिवशी आम्ही तिच्या मुलखाकडे निघालो, वेशीपर्यंतच जाऊ हे ठरवून. युटोपिया ही आदिवासींच्या मालकीची जमीन आहे, परवानगीशिवाय वस्त्यांत जायचं नसतं, आणि आम्हाला तिथे कोणी बोलावलं नव्हतं. उत्तरेचा हमरस्ता सोडून पूर्वेला वळलं की डांबर संपतं. लाल माती, वाळलेल्या गवताचे काटेरी गोल पुंजके, वारुळं, आणि मुल्गाची झाडं. मुल्गा म्हणजे बाभळीच्या गोतातली, सडपातळ, राखी. आभाळ एवढं की आपण बुटके वाटू लागतो. पहिल्या तासात मला वाटलं, इथे काहीच नाही. दुसऱ्या तासात माती तीन प्रकारची दिसू लागली. आंटींबरोबर सहा तास चालल्याचा तो गुण.

एमिली १९१० च्या सुमारास इथल्या अल्हल्केरे या ठिकाणी जन्मली. तिच्या लहानपणी गोऱ्यांनी इथे गुरं सोडली, कुंपणं घातली, आणि मालक म्हणून कागदावर त्यांची नावं लागली. तिनं त्यांच्याच ठाण्यांवर कामं केली, उंट हाकले. १९७७ मध्ये बायकांसाठी बाटिकचे वर्ग सुरू झाले आणि तिनं रेशमावर मेण धरलं. त्याच सुमारास आदिवासींना जमिनीवर दावा करू देणारा १९७६ चा कायदा आला होता. सुनावणीत बायकांनी जमीन आपली असल्याचं सांगितलं ते आपली गाणी आणि नाच पुढे ठेवून. त्या विधींना अवेल्ये म्हणतात. छातीवर, दंडांवर रंगाचे पट्टे ओढतात, आणि प्रत्येक पट्टा कुठल्या तरी जागेचा असतो. जमीन परत मिळाली. वनहक्काचे दावे घेऊन तालुक्याच्या कचेरीत बसलेले डहाणूचे म्हातारे मला आठवले. त्यांच्यापाशीही सातबारा नव्हता, पण आजोबांनी लावलेलं मोहाचं झाड कुठे आहे ते सांगता येत होतं. २००६ च्या कायद्यानं वडीलधाऱ्यांचा शब्दही पुरावा मानला. जमीन कोणाची हे कागदाशिवायही कळू शकतं, हे दोन्हीकडच्या सरकारांना फार उशिरा सुचलं.

१९८८-८९ च्या उन्हाळ्यात युटोपियाच्या बायकांना कॅनव्हास आणि ॲक्रिलिक रंग मिळाले. एमिली तेव्हा अठ्ठ्याहत्तरीच्या आसपास होती. पुढच्या आठ वर्षांत तिनं तीन हजारांच्या आसपास चित्रं काढली. चित्रात काय आहे असं विचारलं की ती कंद, बी, इमू पक्षी, सरडा, गवताचे दाणे अशी नावं घ्यायची आणि सगळंच आहे म्हणायची. लोकांना ते उत्तर टाळल्यासारखं वाटे. मला ते नेमकं वाटतं. "घरी कोण कोण असतं?" म्हटल्यावर आपली आजी गोठ्यातल्या गाईपासून सुरुवात करते, तसं.

परवानगीची पाटी आली तिथे आम्ही गाडी थांबवली. गावात शिरताना वेशीवरच्या मारुतीला हात जोडतात. इथे कोणाला जोडायचे ते मला माहीत नव्हतं. मी खाली वाकून जमिनीला हात लावला आणि आम्ही मागे फिरलो.

परतीच्या वाटेवर वडिलांची आठवण येत राहिली. ॲलिसच्या वायव्येला पापुन्या नावाची वस्ती आहे. तिथे १९७१ मध्ये जेफ्री बार्डन हा चित्रकलेचा शिक्षक आला. मुलं वाळूत बोटांनी खुणा काढतात हे त्यानं पाहिलं आणि त्यांना तशीच चित्रं काढायला सांगितलं. मग वडीलधारी माणसं पुढे आली आणि त्यांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीची कथा रंगवली. वाळवंटातल्या आजच्या चित्रकलेला तिथून वाट फुटली. त्याच सुमारास आमच्याकडे भास्कर कुलकर्णी वारली पाड्यांवर कागद आणि रंग घेऊन हिंडत होते, आणि गंजाडचे जिव्या सोमा मशे भिंत सोडून कागदावर आले होते. १९८९ मध्ये पॅरिसला जगभरच्या कलावंतांचं जे मोठं प्रदर्शन भरलं त्यात मशे होते आणि याच वाळवंटातल्या युएंडुमू वस्तीतले चित्रकारही होते. माझ्या शेजारच्या पाड्यावर लग्नघरी सवाशिणी तांदळाच्या पिठानं पालघाटदेवीचा चौक घालत, तेव्हा आम्ही मास्तरांची मुलं खिडकीतून बघायचो. शाळेच्या भिंतीवर मात्र आम्ही छापील वळणात सुविचार लिहायचो. चौक घालणाऱ्या त्या बायकांना शाळेत बोलवावं असं माझ्या वडिलांना कधी सुचलं नाही. चांगले शिक्षक होते ते. म्हणूनच मला त्याचं वाईट वाटतं.

पापुन्याच्या त्या भिंतीवरही काही वर्षांनी पुन्हा रंग फासला गेला.

मासिकातलं ते चित्र मेलबर्नला आहे. तिथे उतरले तेव्हा शरद लागला होता. ट्राम, ओव्हरकोट, गरम कॉफीचे वास, आणि कुठल्याशा वळणावर चक्क मराठीत भांडणारं जोडपं. इथल्या प्रत्येक मोठ्या दारावर लिहिलेलं असतं की ही जमीन मूळची कोणाची आहे. सभा सुरू होण्याआधीही ते म्हणतात. काहींना हा उपचार वाटतो. पण आपणही पूजेला बसताना संकल्प सोडतो, कुठल्या नदीच्या कुठल्या तीरावर बसलो आहोत ते सांगतो आणि स्थानदेवतेला नमस्कार करतो. उपचार असला तरी रोज तोंडात राहिला तर कधीतरी मनात उतरतो.

फेडरेशन चौकातल्या राष्ट्रीय दालनाच्या दाराशी आणखी एक पाटी होती: आत दिवंगत माणसांची नावं आणि चित्रं आहेत, आदिवासी बांधवांनी सावध असावं. आपण गेलेल्या माणसाचा फोटो मोठा करून भिंतीवर लावतो, त्याला हार घालतो, नातवाला त्याचं नाव ठेवतो. इथे माणूस गेलं की त्याचं नाव बरेच दिवस उच्चारत नाहीत. त्याच नावाचं दुसरं कोणी असेल तर त्यालाही वेगळ्या नावानं हाक मारतात. त्यांचं दुःख नावाला जपतं, आपलं दुःख नावाला धरून ठेवतं.

आणि मग ती भिंत आली.

'बिग याम ड्रीमिंग', १९९५. उंची साधारण तीन मीटर, लांबी आठ. फोटोत तळहाताएवढं पाहिलेलं चित्र आता डोळ्यांत मावेना. काळ्यावर पांढरी रेष वळते, फुटते, दुसरीला भेटते, तिच्याखालून निघते. जवळ गेले. रेष एकसारखी नव्हती. रंग भरलेला कुंचला टेकला तिथे जाड, जाता जाता रोडावलेली, आणि पुन्हा बुडवून तिथूनच पुढे निघालेली. एमिलीनं हा कॅनव्हास जमिनीवर अंथरून, त्यावर बसून काढला, दोन दिवसांत. नीट पाहिलं तर तिचं बसणं दिसतं. प्रत्येक कमान बसल्या माणसाचा हात पोहोचेल एवढीच आहे. मग ती सरकली, पुन्हा हात पोहोचेल तेवढी. आंटी असंच सरकत होत्या, एका कंदावरून दुसऱ्याकडे. ८५ वर्षांची बाई आठ मीटर अशी सरकली होती आणि कुठेही रेष अडखळली नव्हती, कारण ती रेष ठरवत नव्हती, तिच्या मागून जात होती.

शाळेतली काही मुलं आली आणि जमिनीवर बसली. त्यांच्या बाई काही सांगण्याआधीच एक मुलगी पालथी पडून हनुवटी टेकून बघू लागली. मीही खाली बसले. खालून चित्र आणखी मोठं झालं आणि जमिनीशी जुळलं.

तिचं 'अर्थ्स क्रिएशन' हे चित्र २००७ मध्ये दहा लाख डॉलरांच्या वर गेलं आणि २०१७ मध्ये एकवीस लाखांना, असं तिथल्या एका बाईंनी मला कौतुकानं सांगितलं. दोन्ही वेळा एमिली नव्हती. जिवंतपणी मिळालेला पैसा तिनं गोतावळ्यात वाटला. पुनर्विक्रीतला काही वाटा कलावंताला किंवा वारसांना देणारा कायदा तिथे २०१० मध्ये लागू झाला, तो बऱ्याच उशिरा आला. आंटींनी वेलाचं मूळ परत मातीत ठेवलं, तेवढंही बाजार परत ठेवत नाही. पण त्या भिंतीसमोर माझा राग टिकला नाही. तीस वर्षांपूर्वी एका बाईनं आपलं बी काढून सगळ्यांसमोर ठेवलं आणि तरी ते तिचंच राहिलं. ते बघायला मिळालं, एवढंच मनात उरलं.

घरी आल्यावर लहान कॅनव्हास फ्रेमवाल्याकडे नेला. त्यानं तो काउंटरवर ठेवला, मापं घेतली, काच निवडली आणि विचारलं, "ताई, वरची बाजू कुठली? कडी कुठे लावू?"

"चारही बाजूंना लावा," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग चित्राकडे. बोटानं त्या तीन वाटांपैकी एकीवरून वर्तुळापर्यंत गेला आणि चित्र पाव फेरी फिरवून पुन्हा पाहिलं. मग चार कड्या काढून त्यानं काउंटरवर ठेवल्या.